दोन खुर्च्यांचा क्रॉसओव्हर

“साहेब आहेत का?”

दार उघडलं की पहिला प्रश्न हाच. मी म्हणायची, “आहेत. जेवून झोपलेत. उठवू?” मग दारातला माणूस गडबडायचा, मोबाइलमधला पत्ता पुन्हा वाचायचा आणि म्हणायचा, “नाही, ते स्पीकरचे क्रॉसओव्हर करून देणारे जगताप...”

“ती मी. चपला बाहेर काढा.”

आमचे हे सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना गाण्यातलं आणि वायरीतलं सारखंच कळतं, म्हणजे काही कळत नाही. पण माझ्या धंद्यावर त्यांचा मोठा उपकार आहे. दुपारी जेवल्यावर ते जे झोपतात ते चहापर्यंत हूं की चूं करत नाहीत, आणि माझं खरं काम दुपारीच चालतं.

मी तरुणपणी रेडिओच्या एका कारखान्यात कॉइल विभागात होते. तांब्याची तार गुंडाळायची, मोजायची, चुकली की उलगडायची. कारखाना बंद पडला, पण बोटांची सवय काही बंद पडेना. स्वयंपाकघरात उभी असले तरी हात पदराचं टोक गुंडाळत बसायचा. शेवटी कर्वेनगरच्या आमच्या घरातली मागची खोली मी ताब्यात घेतली आणि घरी स्पीकर बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी क्रॉसओव्हर करायला लागले. आता नवीन काम घेत नाही. का घेत नाही, ते ओघात येईलच.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हे मी माझ्या जावेला जसं सांगितलं तसंच सांगते. चांगल्या स्पीकरच्या खोक्यात निदान दोन तोंडं असतात. मोठं वूफर, ते खालचे घुमारेदार आवाज काढतं, आणि छोटंसं ट्वीटर, ते वरचे बारीक. दोघांनाही सगळं गाणं दिलं तर वूफर बारीक आवाजात अडखळतं आणि ट्वीटर जाड आवाजानं जळून जातं. म्हणून मधे चाळणी लागते. जाड एकीकडे, बारीक दुसरीकडे. तांब्याची कॉइल जाड आवाज पुढे सोडते, कपॅसिटर बारीक सोडतो, आणि ट्वीटर फार चढायला लागलं तर त्याला आवरायला एक रेझिस्टर. एवढंच. जाऊ म्हणाली, “मग यात अवघड काय?” अवघड असा तो सांधा. जिथे वूफर हळूहळू थांबतं आणि ट्वीटर हळूहळू सुरू होतं, त्या आसपासच माणसाचा गळा असतो. सांधा चुकला की गाणारा माणूस दोन तुकड्यांत ऐकू येतो, छाती एकीकडे आणि ओठ दुसरीकडे.

खोकं काय, कुणीही करतं. सगळे येऊन अडतात ते इथे. हिंजवडीच्या एका मुलानं मला बजावलं होतं, “मॅडम, बेस एकदम चेस्टमध्ये फील झाला पाहिजे.” मी म्हटलं, “बाळा, छातीत व्हायला लागलं तर डॉक्टरकडे जायचं, माझ्याकडे नाही.” एक सेवानिवृत्त अभियंता मी केलेली प्रत्येक कॉइल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघायचे. का, विचाराल तर त्यांनाही सांगता येत नव्हतं. पण माणूस सज्जन. दर दिवाळीला चिवडा पाठवायचे, तोही तोलूनच पाठवत असणार.

चाचणी मी गच्चीवर घ्यायची. खोलीत भिंती असतात आणि भिंती आवाज परत फेकतात, मग स्पीकर काय बोलतोय आणि भिंत काय बोलतेय ते कळत नाही. गच्चीवर भिंती नाहीत. एका उंच स्टुलावर खोकं, समोर काठीवर मायक्रोफोन, आणि मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन. दुपार यासाठी की आपल्या पुण्यात एक ते चार माणसं झोपतात, दुकानं झोपतात, कुत्रीसुद्धा झोपतात. कुणाचा कुकर वाजत नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. नुसतं ऊन असतं आणि पारवे असतात.

मग मी बटण दाबायची आणि खोक्यातून सूर निघायचा. अगदी खालून, पायाखालच्या फरशीतून आल्यासारखा, मग वर, छातीशी, गळ्याशी, मग कपाळाशी, मग आणखी बारीक, आणखी बारीक, उन्हात विरून जाईपर्यंत. मला त्याची इतकी सवय झाली होती की अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी त्याच्याबरोबर चढत जायची. कधी वाटायचं, मी लहान आहे आणि आजोळच्या विहिरीतून कुणीतरी मला वर ओढून घेतंय. टाकीत पाणी डुचमळायचं, पारवे एकदम उडायचे आणि पुन्हा बसायचे. ती गच्ची, ती दुपार आणि तो सूर, मला दुसरं काही नको असायचं. लोक देवळात जातात, मी गच्चीवर जायची.

समोरच्या इमारतीतल्या बाई मात्र खिडकीतून ओरडायच्या, “अहो जगतापबाई, रोज नुसतं वूंऽऽई! गाणं कधी लागणार?”

“गाणं गिऱ्हाइकाच्या घरी लागतं,” मी म्हणायची.

आमच्या कामात एक चाचणी आहे, ती मला सगळ्यांत आवडते. सांधा नीट जुळला का, हे कसं कळणार? तर ट्वीटरच्या दोन वायरी मुद्दाम उलट जोडायच्या. म्हणजे वूफर पुढे ढकलेल तेव्हा ट्वीटर मागे ओढेल. दोघं अगदी नेमके जुळलेले असतील तर सांध्याच्या जागी एकमेकांना पुरतं पुसून टाकतात आणि आवाज नाहीसा होतो. लॅपटॉपवर आवाजाची जी रेघ उमटते तिच्यात तिथे खोल खड्डा दिसतो. खड्डा जितका खोल तितका सांधा चांगला. मग वायरी सरळ करायच्या. दोघांत थोडी जरी विसंगती असली तर खड्डा उथळ पडतो, कारण नेमकं विरुद्ध जायलासुद्धा आधी जुळलेलं असावं लागतं. हे मला सबनीसांच्या घरी नीट कळलं.

सबनीस पती-पत्नी शनिवार पेठेतले. दोघं मिळूनच आले होते. सबनीस आयुष्यभर फोर्जिंगच्या कारखान्यात घणांच्या आवाजात उभे राहिलेले. वरचे बारीक आवाज त्यांच्या कानातून केव्हाच निघून गेले होते. उषाताई घरी गाणं शिकवायच्या. त्यांचे कान इतके तल्लख की माझ्या खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाल्या, “तुमच्या पंख्याचं एक बॉल बेअरिंग गेलंय.” दुसऱ्या महिन्यात पंखा बंद पडला.

“आम्हाला एकत्र ऐकायचंय,” सबनीस म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कमी ऐकू येणारे म्हणतात तसं.

“आम्हाला म्हणजे आम्हालाच. सगळ्या पेठेला नव्हे,” उषाताई म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून त्यांचा नेम होता. रविवारी दुपारी जेवणं झाली की दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि गाणं लावायचं. आधी तंबोरा सुरू होतो, तो सुरू झाल्यापासून मैफल संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि आता ते मोडलं होतं. सबनीसांना तंबोऱ्याची जवारी ऐकू येईना. जवारी म्हणजे तारेखाली दोरा सरकवल्यावर सुराला जी गोड झणझण सुटते ती. ती नसली तर तंबोरा म्हणजे नुसती तार. म्हणून ते ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, पार चढवायचे आणि ते उषाताईंच्या कानात शिरायचं. मग त्या उठून आत जायच्या.

“ही आत मोबाइल कानाला लावून बसते आणि मी बाहेर,” सबनीस म्हणाले. “गाणं तेच. खोल्या दोन. याला काय अर्थ आहे?”

“कानाचं यंत्र घ्या म्हटलं तर यांना राग येतो. यंत्र नको, जगानं मोठ्यानं बोलावं.”

सबनीसांनी घरच्या जुन्या कपाटाच्या सागवानाची दोन खोकी स्वतः केली होती, कोपरे अगदी काटकोनात. मी महिनाभर खपून क्रॉसओव्हर केला. वायरी उलट करून पाहिल्या तर असा खड्डा, की मी एकटीच गच्चीवर टाळ्या वाजवल्या. वायरी सरळ केल्यावर लॅपटॉपवरची रेघ सरळसोट. फार दिवसांनी इतकी सरळ रेघ आली होती.

त्यांच्या घरी नेऊन लावला. तंबोरा सुरू झाला. मी कौतुकाच्या अपेक्षेनं उभी.

“छान आहे,” सबनीस म्हणाले, “पण तंबोऱ्यावर कुणी गोधडी टाकलीय का?”

“गोधडी कसली?” उषाताई म्हणाल्या. “टाचणी आहे टाचणी.”

एकच आवाज, एकाच खोलीत. मग दोघांची जी जुंपली ती मी चहा संपवून निघाले तरी चालूच होती. ते म्हणायचे वाढवा, त्या म्हणायच्या कमी करा. माझी सरळ रेघ बिचारी मधल्यामधे गेली.

चार दिवसांनी सबनीस एकटेच रिक्षानं घरी आले. ह्यांनी दार उघडलं. “साहेब आहेत का?” ऐवजी “बाई आहेत का?” असं विचारणारा तो पहिला माणूस, म्हणून आमचे हे मला सांगायला धावत आत आले. सबनीस खुर्चीच्या कडेवर बसले आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न करत म्हणाले, “ते वरचं कमी करून टाका. हिला टोचतं. हिच्यासमोर मी वाढवा म्हणतो, ते सोडा. मला नाही ऐकू आलं तरी चालतं. तंबोरा लागला की हिच्या चेहऱ्यावर दिसतो मला. ती बाहेर बसली म्हणजे झालं.” जाताना दारात वळून म्हणाले, “हिला सांगू नका.”

आणि त्याच आठवड्यात उषाताई. त्याही एकट्याच. “अहो, यांना काही ऐकू येत नाही हो. नुसती मान हलवतात, तीसुद्धा बेतालात. तुम्ही वाढवा बाई काय ते. मी कापूस घालीन कानात.” मग पर्स उचलता उचलता, “यांना सांगू नका.”

मी कुणालाच काही सांगितलं नाही. पण त्या दुपारी माझ्या हातून साधं सोल्डर होईना. एक रेझिस्टर बदलायचा, इतकंच काम, पण कुणाचा बदलू? वरचा आवाज कमी केला तर सबनीसांचा तंबोरा कायमचा जाणार, वाढवला तर उषाताई कापूस घालून बसणार. दोघं इतकी नेमकी एकमेकांच्या विरुद्ध गेली होती की मधला आवाजच नाहीसा झाला होता. मला तो खड्डा डोळ्यांसमोर दिसला आणि गलबलून आलं. सांधा तर उत्तम होता. वायरी तेवढ्या सरळ करायला हव्या होत्या, आणि त्या कशा करायच्या हे मला सुचत नव्हतं.

सुचवलं ते समोरच्या बाईंनी. मी सबनीसांचं एक खोकं परत आणून पुन्हा गच्चीवर घेऊन बसले होते, बाई खिडकीत आल्या. “जगतापबाई, डोकं दुखतंय. त्याचं तोंड तिकडे तरी करा!” मी खोकं वळवलं, मायक्रोफोन हलवायचा कंटाळा केला आणि बटण दाबलं. रेघ मधोमध सरळ आली आणि उजवीकडे, वरच्या आवाजांपाशी, घसरगुंडीसारखी खाली उतरली.

यात नवीन काहीच नव्हतं. जाड आवाज खोलीभर पसरतो, बारीक आवाज मात्र नाकासमोर जातो. ट्वीटरच्या समोर बसलात तर झळझळीत, कडेला बसलात तर मऊ. ही उतरण म्हणजे आमच्या कामातली खोड, आम्ही ती लपवण्यासाठी काय काय करतो! आणि मी तिच्याकडे टक लावून बघत बसले. एक खुर्ची समोर, एक खुर्ची कडेला. अगं बाई, मी स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले, ही तर दोन खुर्च्यांची रेघ आहे.

मग मी सगळा क्रॉसओव्हर उलगडला. ट्वीटर जरा मोठं घेतलं, म्हणजे त्याचा बारीक आवाज आणखी नाकासमोर जाईल. त्याचा रेझिस्टर हलका केला, समोरच्याला जवारी मिळावी म्हणून. सांधा खाली उतरवला, म्हणजे कडेला बसलं तरी गळा अखंड राहील. मायक्रोफोन समोर ठेवून मोजायचं, कडेला ठेवून मोजायचं, पुन्हा समोर. पावसाळा सरेपर्यंत उघडीप मिळाली की मी गच्चीवर. त्या दिवसांत मला स्वप्नंसुद्धा खुर्च्यांची पडायची, रिकाम्या गच्चीवर दोन खुर्च्या आणि त्यांच्यावरून चढत जाणारा सूर.

राहिला प्रश्न खोकी वळवण्याचा. हातानं वळवली तर झाडताना कुणीतरी सरळ करणार. म्हणून धायरीच्या दत्तामिस्त्रीकडे गेले. त्याच्या वाडवडिलांची तिथे शेती, आता शेताच्या जागी इमारती आणि एका इमारतीखाली याचं वर्कशॉप. मी त्याला सांगितलं, खोक्याखाली अशी बैठक कर की खोकं खिळून वाकडंच राहील, तोंड एका खुर्चीकडे.

“बाई, हे वाकडं हाय,” तो म्हणाला.

“वाकडंच हवंय.”

“लोक म्हणतील दत्तानं वाकडं कापलं. माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.” आणि मग इतकं सुबक वाकडं कापलं की पाहत राहावं.

रविवारी दुपारी लावलं. सबनीसांना उजवीकडच्या खुर्चीत बसवलं, दोन्ही खोक्यांची तोंडं तिकडे. उषाताई डावीकडे. मी काही समजावलं नाही. तंबोरा सुरू झाला. आधी सबनीसांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थांबला. मग त्यांची मान हलायला लागली, आणि या वेळी तालात. त्यांनी चोरून उषाताईंकडे पाहिलं, की ही आता उठणार. उषाताईंनी त्याच वेळी चोरून त्यांच्याकडे पाहिलं, की यांना काही कळतंय का. दोघांची नजर एक झाली. नेम म्हणजे नेम, बोलायचं नव्हतं. उषाताईंनी हळूच दोन्ही कानांतला कापूस काढला आणि पदराच्या टोकाला बांधला. मी चपला हातात घेऊन बाहेर पडले आणि जिना उतरता उतरता रडले. आनंदानंच.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझ्या गच्चीवरचा सूर हळूहळू आखूड होत गेला. लॅपटॉपवर रेघ चढत असायची आणि माझ्या कानात तो केव्हाच विरलेला असायचा. आधी वाटलं, मायक्रोफोन बिघडला. मग वाटलं, ट्वीटर. मग एकदा भाची आली होती, ती कानांवर हात ठेवून म्हणाली, “आत्या, बंद कर ना, किती टोकदार वाजतंय!” आणि मला तर नुसते पारवे ऐकू येत होते. मला फार भीती वाटली. मी कुणाला काही बोलले नाही. नवीन कामं घेणं तेवढं बंद केलं आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं.

गेल्या वर्षी सबनीसांचा फोन आला. “बाई, स्पीकर बिघडलाय. टोचायला लागलाय.” मागून उषाताईंचा आवाज, “टोचतंय कसलं? मंद झालाय उलट. गोधडी घातल्यासारखा.”

सोल्डरिंगची पिशवी आणि मायक्रोफोन घेऊन गेले. सबनीसांच्या दोन्ही कानांत यंत्रं. “मी सांगून थकले,” उषाताई म्हणाल्या. “नातीनं एकदा सांगितलं, लगेच आणली.” मी दोन्ही खुर्च्यांपाशी मायक्रोफोन ठेवून मोजलं. रेघा जुन्या रेघांवर ठेवून पाहिल्या. तसूभर फरक नव्हता. खोकी जिथल्या तिथे होती. बदलली होती ती माणसं. सबनीसांच्या कानांना यंत्रानं बारीक आवाज परत दिला होता आणि उषाताईंच्या कानांतून वयानं तो नेला होता.

“खुर्च्या बदला,” मी म्हटलं.

“मी या खुर्चीतून उठणार नाही,” सबनीस म्हणाले. “ही माझी खुर्ची आहे.”

“खुर्ची नका बदलू. जागा बदला.”

मग त्यांनी खुर्ची उचलून डावीकडे आणली, स्वतः, कुणाला हात लावू न देता. उषाताई उजवीकडे बसल्या. तंबोरा लावला. मग उषाताई डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, “चहा टाकते.” सबनीस डोळे मिटून बसले होते.

उजवीकडची खुर्ची रिकामी होती. मी दमले होते म्हणून तिथे बसले, दुसरं काही मनात नव्हतं. आणि एकदम तंबोरा उघडला. झणझण, सोन्याची धूळ उन्हात उडावी तशी, कानात, केसांत, सगळीकडे. कर्वेनगरच्या गच्चीवर जे माझ्याकडून निघून गेलं होतं ते इथे, मी स्वतः वाकड्या ठेवलेल्या खोक्यासमोर मला परत मिळत होतं. मी ते कुणासाठी केलं होतं आणि कोण ऐकत होतं! टाकीची सावली आली, पारवे आले, मी पुन्हा त्या सुराबरोबर वर वर चालले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मला कळलंही नाही.

“जगतापबाई, उठा. ती जागा माझी आहे.”

उषाताई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मी गडबडून उठायला लागले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला. आयुष्यभर शिकवणी घेतलेली बाई ती, कोण कुठे अडकलंय हे तिला लगेच कळतं.

“कधीपासून?” त्यांनी हळूच विचारलं.

“झाली दोन-तीन वर्षं,” मी म्हटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्यांनी माझ्या खुर्चीला चिकटून ठेवलं, अगदी खोक्याच्या तोंडाच्या रेषेत, आणि त्यावर बसत कुजबुजल्या, “बसा. मावतो दोघी.”

“हळू बोला की जरा,” सबनीस डोळे न उघडता म्हणाले. “ऐकू येतंय मला.”